दुसऱ्याची मूठ

१

कारभारी मिस्त्री अवसेच्या दिवशी मेला, म्हणून पिंपळगाव राजाच्या लोकांचं काम सोपं झालं. शोधाबिधाची त्यांना गरजच उरली नाही.

लोहार-सुतारांना रविवार नसतो, अवस असते. त्या दिवशी भट्टी विझलेली आणि घण भिंतीला टेकवलेला. तरी म्हातारा सवयीनं पहाटे दुकानात जायचा, ऐरणीवर गोणपाट घालून वर झेंडूचं फूल ठेवायचा आणि उगाच बसून राहायचा. त्या मंगळवारी पावणेआठला शालूबाई नवऱ्याचा चहा घेऊन गेली, तर तो ऐरणीला पाठ टेकून जमिनीवर बसलेला आणि बरगडीखाली चाकू मुठीपर्यंत रुतलेला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले, समोरच्या फळीकडं पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "मूठ." त्यानंतर तो बोलला नाही.

झालं. अवस, आणि मरता माणूस म्हणतो मूठ. म्हणजे कुणीतरी मंत्र घालून उडीद फेकले, मूठ मारली. नदीकाठचा कचरू देवऋषी हेच करतो, आणि कारभाऱ्यानं त्याला महिन्यापूर्वी दुकानातून हाकलला होता. बरगडीत सहा इंच पोलाद दिसत असताना गाव उडदाच्या दाण्यांवर बोट ठेवत होतं. गावाच्या तोंडाला हात कुणी लावावा?

वंदना खामगावहून पोचली तेव्हा दहा वाजले होते. ती कारभाऱ्याची थोरली, आणि धंद्यातला अर्धा हात तिचा. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांतून बाप पातं घडवायचा, मुठी ती कोरायची. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात काळ्या ओल्या मातीचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, आवळा. बोटांचे ठसे उठलेला तो गोळा सावलीत वाळवायचा, त्यावर खिळ्यानं नाव कोरायचं आणि त्या मापानं तिवसाच्या किंवा शिसवीच्या लाकडाची मूठ करायची. पात्याचं शेपूट तापल्या लाखेत बसवलं की चाकू माणसाच्या हाताचाच भाग व्हायचा. वनमजूर, धनगर, आणि अलीकडं पुण्यामुंबईचे हौशी लोक ते चाकू मागवत. फळीवर पन्नासेक मातीच्या मुठी मांडलेल्या असत.

ती हौशी गिऱ्हाइकं वंदनाच्या नवऱ्यानं आणलेली. तो ज्ञानगंगेच्या जंगलाकडेला शहरी पाहुण्यांसाठी तंबूंचा कॅम्प चालवायचा. बुलढाण्याच्या कारकुनाच्या घरातला, नाव आल्हाद. सासऱ्याच्या जिभेवर ते नाव दहा वर्षांत कधी चढलं नाही, पण जावई मात्र मनात चढला होता.

पोलिसांनी चाकू काढून कापडावर ठेवला होता. "ही मूठ कोणाची?" कुणीतरी विचारलं.

आपलं काम कोणाला ओळखू येत नाही? वंदना विचार करायच्या आधी बोलून गेली.

"गोविंदाची. माह्या भावाची."

२

फौजदार समता इंगळे बाई बारीक चणीच्या, बोलायला कमी. समोरचा बोलत असताना त्या कागदावर काही लिहीत नसत, त्यामुळं समोरचा जास्तच बोलायचा. बुधवारी सकाळी त्यांनी दुकानातल्याच लाकडी ओंडक्यावर बैठक मांडली. चाकूचं काही विचारावं लागलं तर म्हणून वंदनाला शेजारी बसवलं.

कचरू आधी आला. हात जोडलेले, पण डोळे शाबूत.

"बाईसाहेब, माह्या मुठीनं आजपावतर कोंबडी नाई मेली. लोक भेतात म्हून पोट चालते. हे गावच म्हनून राह्यलं का मी मारलं. मी नाई म्हनलं तं धंदा बुडते, हाव म्हनलं तं मीच."

"कारभाऱ्यानं तुम्हाला हाकललं का?"

"काया, कोळशावानी मुठीचा चाकू पाह्यजे होता, लोकायले भेवाडाले. म्हने, माहा चाकू कामासाठी हाय, सोंगासाठी नाई. खरं बोलला बुवा."

मग हिंमतराव आले. चाळीस एकरांचे धनी. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मळणीयंत्रात गेलेली.

"रानडुकरं माही मका खाऊन राह्यले," ते म्हणाले. "गड्यासाठी चार मोठे चाकू मागतले, तं नाई म्हने. गेल्या महिन्यात जंगलात ते अस्वलीण मारलेली सापडली ना, पंजे कापलेली, तवापासून म्हातारा बिथरला होता. शिकाऱ्याले चाकू देनार नाई, असा हेका. अन् अजून एक सांगतो. मंगळवारी सव्वासातले जावईबापूची जीप म्या फाट्यावर पाह्यली."

आल्हादनं नाकारलं नाही. तो दोन दिवस घरातल्यासारखा राबत होता. खांद्यासाठी तिरडीखाली तोच पहिला गेला होता. उजव्या हाताला रुमाल बांधलेला. जीपचं बॉनेट पडलं, म्हणाला. पाण्याचा पेला त्यानं डाव्या हातानं घेतला.

"मोताळ्याला निघालो होतो, मॅडम. दुकानावरूनच रस्ता आहे. आत घणाचे ठोके चालू होते, भात्याचा आवाज येत होता, आणि गोविंदा ओरडत होता. बापलेकांचं रोजचंच, म्हणून थांबलो नाही. आता वाटतं, थांबायला हवं होतं."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यानं डोळे पुसले. वंदनालाही रडू आलं.

शेवटी गोविंदाला आणलं. पस्तिशीचा दांडगा माणूस, दोन दिवसांत वाळल्यासारखा दिसत होता. मंगळवारी सकाळी तुरीच्या वावरात होतो म्हणाला, पण तिथं त्याला पाहणारं कुणी नव्हतं.

"सोमवारी संध्याकाळी बापाशी भांडलास. अर्ध्या गल्लीनं ऐकलं. कशावरून?"

"घरचं होतं."

"घरचं म्हणजे काय?"

इंगळे बाई उठल्या आणि फळीवरची एक मातीची मूठ बोटानं दाखवली. "तुझी आई सांगते, तो इकडं बघून मूठ म्हणाला. यातल्या सगळ्या मुठींवर माणसांची नावं आहेत. एकीवर नाव नाही. त्यावर लिहिलंय, औलाद. मरता बाप औलादीकडं बोट दाखवून गेला. त्याची औलाद तूच ना?"

गोविंदानं वंदनाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "मीच."

वंदनाच्या हातातला तांब्या सुटून खाली पडला.

३

कारण त्या घरात औलाद म्हणजे गोविंदा कधीच नव्हता.

लग्नाच्या आठवड्यातली गोष्ट. सासऱ्यानं जावयाला नावानं हाक मारायचा प्रयत्न केला. आधी आलाद झालं, मग अल्लाद झालं, आणि शेवटी जीभ औलादवर येऊन टेकली. सगळं घर हसलं. म्हातारा म्हणाला, "हसा लेकहो, जावई बी औलादच असते." तेव्हापासून आल्हाद त्याचा औलाद झाला. हे चौघांपलीकडं कुणाला माहीत नव्हतं. चौघांपैकी शालूबाईला वाचता येत नव्हतं, आणि गोविंदा खोटं बोलला होता.

का बोलला? त्याचं उत्तर टाळून वंदनानं स्वतःला समजावलं. लग्नात बापानं जावयाला शिसवी मुठीचा चाकू दिला होता, त्याच्या मापाची माती दहा वर्षं फळीवर आहे. नाव तेव्हाचंच असणार. ती मूग गिळून बसली. भाऊ खरा की कुंकू खरं, असा प्रश्न जिला पडतो तिला आधी तो प्रश्नच नको असतो.

दुपारी इंगळे बाई परत आल्या, एकट्याच. "ताई, मला पोलादातलं काही कळत नाही. गोविंदाची मूठ अशी वेडीवाकडी का?"

"कबड्डीत त्याचं करंगळीशेजारचं बोट मोडलं. ते मिटत नाई. म्हून मी तिथं लाकूड उंच ठेवलं, बोटाले आधार म्हून." तिनं पेटीतून जोडमूठ काढली. मोडली तर असावी म्हणून प्रत्येक माणसाची ती दोन करायची. तिला एक बोथट पातं बसवलेलं होतं.

बाईंनी ती हातात घेतली, चाचपली आणि कोपऱ्यातल्या भुशाच्या पोत्यात जोरानं खुपसली. लगेच सोडून दिली. हात झटकत त्यांनी बोट पाहिलं. करंगळीशेजारच्या बोटाचा सांधा लाल झाला होता.

"बाबा म्हनत, दुसऱ्याची मूठ चावते," वंदना म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

"मी एकदाच मारला, तोही भुशात. बरगडीतून मारणाऱ्याचं हे बोट आज काळंनिळं असेल, नाही का?" बाई बोट चोळत राहिल्या. "गोविंदाचे हात मी पाहिले, खरचटलेलंही नाही. पण मूठ त्याचीच, त्याला ती चावणार कशी? म्हणजे एकतर तो, नाहीतर हे बोट सुजलेला कुणीतरी. कचरूचे हात स्वच्छ आहेत. हिंमतरावांना हे बोटच नाही."

आणखी एकाचे हात राहिले होते. त्याचं नाव बाईंनी घेतलं नाही.

"उद्या गोविंदाला बुलढाण्याला कोर्टात उभा करतेय. बहिणीकडं पाहून स्वतःला औलाद म्हणवून घेणारा आरोपी मी पहिल्यांदाच बघितला. तो कुणासाठी तरी गप्प आहे, आणि मारून मी त्याला बोलता करणार नाही. तुम्हाला काही आठवलं तर सकाळी दहापर्यंत सांगा."

बाई गेल्या. वंदनाच्या डोळ्यांपुढून तो रुमाल काही केल्या हलेना.

४

गुरुवारी सकाळी आठला ती दुकान झाडायला म्हणून गेली. घरात कुणी विचारलंच, तर सांगायला बरं.

बॉनेट पडलं असेलही. बॉनेट पडतात. एवढ्यावर कुणी आपल्या माणसाला फासावर देतं का? तिनं केरसुणी घेतली, कोळशाची राख लोटली आणि ऐरणीपाशी आली. गोणपाट तसंच होतं. वर मंगळवारचं झेंडूचं फूल सुकून चिकटलेलं.

केरसुणी तिच्या हातातच राहिली.

अवस होती. अवसेला या दुकानात आजोबाच्या काळापासून घण उचललेला नाही. म्हाताऱ्यानं पहाटे ऐरण झाकून फूल ठेवलं, आणि ते अजून जागचं हललेलं नाही. मग सव्वासातला आल्हादनं घणाचे ठोके ऐकले कुठले? भात्याचा आवाज आला कुठून? ज्यांच्या घरी सुट्टी कॅलेंडरवर लाल अक्षरात असते त्यांना अवस ध्यानात राहत नाही. लोहाराचं दुकान म्हणजे ठोके असणारच, असं धरून त्यानं ते रचलं होतं.

ती फळीकडं वळली आणि औलाद लिहिलेली मूठ उचलली. उचलताक्षणी कळलं, ही दहा वर्षांची माती नव्हे. वरून वाळलेली, पोटाशी अजून गार आणि जड. तिनं बोटांचे ठसे चाचपले. आल्हादची बोटं लांबसडक. लग्नातली त्याची मूठ तिनंच कोरलेली, ती तिला पाठ होती. ही बोटं आखूड, जाड. करंगळीशेजारचं बोट सरळ मिटलेलं, म्हणजे गोविंदाही नाही. आणि तर्जनीचा ठसा मध्येच संपत होता.

तर्जनीचं पेर घणाखाली गेलेला माणूस या घरात एकच होता. माती बापानं आवळली होती, आणि नाव जावयाचं लिहिलं होतं. गोळा नेहमीपेक्षा जाड होता. आत काहीतरी ठेवून त्यानं ती आवळली होती.

तिच्या बापाच्या हाताचा दुसरा ठसा जगात नव्हता. पन्नास लोकांच्या मुठी त्यानं घेतल्या, स्वतःची कधी घेतली नाही.

"काय करतेस, वंदना?"

आल्हाद दारात उभा होता. त्याची नजर तिच्या हातावर गेली आणि तिथून हलली नाही.

"झाडून राह्यले."

"ते दे इकडं." आवाज मऊ होता, नेहमीचा. "पोलिसांचा पुरावा आहे तो, हात लावू नये."

"मंगळवारी हेच शोधत होते का तुमी?"

तो एक पाऊल आत आला. "वंदना, गोविंदानं कबूल केलंय. आता जे झालं ते झालं. आपलं घर आहे. दे."

तिला वाटलं होतं आपण रडू. पण डोळ्यांपुढं आला तो गोविंदा, तिच्याकडं बराच वेळ पाहून हाव म्हणणारा. सोमवारी भांडण कशावरून झालं ते तिला आता कळलं. बापाला जावयाचं काहीतरी बाहेर सांगायचं होतं आणि भाऊ म्हणत असणार, सांगू नको, ताईचं घर मोडेल.

तिनं दोन्ही हातांनी ती मूठ उचलली आणि ऐरणीवर आपटली.

५

माती फुटली. आतून शिसवी लाकडाची तडकलेली मूठ निघाली. तिचीच कलाकारी, लग्नातली. पात्याच्या खाचेत जुनी लाख होती, आणि लाखेत रुतून बसलेले राठ, काळे, बोटभर लांब केस.

"अस्वलाचे," दारातून इंगळे बाई म्हणाल्या. त्यांच्यामागं दोन शिपाई होते. "सकाळपासून जीपमागं आहे मी. आल्हादराव, रुमाल सोडा."

रुमालाखालचं बोट निळं-काळं पडलं होतं. नेमकं तेच, सांध्यावर.

"अस्वलीण कापताना तुमच्या चाकूची मूठ तडकली," बाई सावकाश बोलत होत्या, जणू स्वतःशीच हिशेब पडताळत. "नवी बसवायला तुम्ही तो सासऱ्याकडंच टाकला. चाकू वरून पुसलेला, आतली लाख कोण पाहणार, असं वाटलं. पण जुनी मूठ उतरवल्याशिवाय नवी चढत नाही. सासऱ्याला केस दिसले, आणि त्यानं ती मूठ पुरावा म्हणून मातीत दडवली. मंगळवारी तुम्ही चाकू घ्यायला आलात, नवी मूठ मिळाली, जुनी मिळाली नाही. खिळ्याला गोविंदाचा चाकू टांगलेला होता. तुम्ही तो वापरला. गोविंदा सापडणार हे ठाऊक होतं. मूठ चावते हे ठाऊक नव्हतं."

आल्हाद खाली बसला, म्हातारा बसला होता तिथंच. "पाहुण्यांनी हट्ट धरला होता. एकदाच. मी मामांच्या पाया पडलो, म्हटलं, गप्प राहा. ते म्हणाले, उद्या वनखात्याच्या हापिसात जातो." त्यानं वंदनाकडं पाहिलं. "मी फक्त मूठ मागायला आलो होतो ग."

"अन् ते तुमाले औलाद म्हनत होते," वंदना म्हणाली.

संध्याकाळी गोविंदा घरी आला. अंगणात हातपाय धुतले आणि बहिणीसमोर उकिडवा बसला.

"काऊन सांगतलं, ताई? मी निभावलं असतं. तुहं घर राह्यलं असतं."

"तुह्या जिवावर राह्यलेल्या घरात मले घास गेला असता का बे?"

तो मान खाली घालून मातीत रेघा ओढत बसला. दहा वर्षांचा संसार सकाळी एका ठोक्यात गेला होता आणि तरी तिला भाऊ समोर बसलेला दिसत होता, हेच तिनं धरून ठेवलं. संताप यायचा तो अजून यायचा होता. तिला त्याची भीती वाटत होती.

शिसवी मूठ आणि नाव लिहिलेला तुकडा पोलिसांनी नेला होता. बाकीची माती तिनं पदरात गोळा करून आणली होती. चार मोठे तुकडे, बाकी चुरा. ती ते जुळवायला लागली, पण मधली जागा पोकळ राहत होती. ज्याच्याभोवती बापानं हात आवळला होता, ते आता तिथं नव्हतं.

शालूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली. ती सरकत जवळ आली, लेकीच्या मांडीवरचे तुकडे एकेक करून आपल्या हातात घेतले आणि नवऱ्याच्या बोटांच्या खळग्यांत आपली बोटं ठेवली. तर्जनीच्या जागी तिचं बोट अर्ध्यावर अडलं. तरी तिनं हात मिटला.

"दुसऱ्याची मूठ चावते म्हने," ती म्हणाली. "पाह्य वंदे, मले तं नाई चावून राह्यली."

तिनं मिटलेला हात उघडला नाही. दिवेलागण झाली तेव्हा गोविंदानं उठून अंगणातला दिवा लावला.